घरीच आहे

खानदेशातल्या कोणत्याही गावी पाहुणे म्हणून जावे, ओसरीवर बसलेल्या तिशीच्या मुलास "काय करी ऱ्हायना सध्या?" असे सहज विचारावे, की उत्तर ठरलेले येते : "काही नही, घरच शे." तेवढ्यात बाप मध्ये पडून "भरतीचं चाललंय त्याचं" असे काहीतरी जोडतो आणि बोलणे कापसाच्या भावाकडे वळते. पाहुणा समजदार असेल तर पुढचा, म्हणजे लग्नाचा, प्रश्न तो विचारीत नाही.

हा मुलगा 'घरी आहे' म्हणजे नेमके काय, एवढाच आजचा विषय आहे. शहरातल्या श्रोत्यांस असा मुलगा आळशी वाटतो. गावकऱ्यांसही वाटतो, रिकामटेकडा, उनाड, आयतोबा अशी नावे आपल्या भाषेने त्याच्यासाठी केव्हाच तयार ठेवली आहेत. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. अशा मुलाच्या घरात दोन-तीन लग्नांचे हिशेब एकमेकांत अडकून पडलेले असतात, आणि त्या गाठीवर त्यास बसवून ठेवलेले असते. गाठ सुटते तेव्हा तिची किंमत पुष्कळदा त्याची बहीण देते. हे कसे घडते ते समजून घेतल्याखेरीज त्याच्या आळसाविषयी बोलण्यात अर्थ नाही.

उदाहरणासाठी आम्ही नरडाण्याचे घर घेतो. नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातले गाव. सुरत–भुसावळ लोहमार्गावर त्याचे स्टेशन आहे आणि मुंबई–आग्रा रस्ता तेथूनच जातो. गाडीत बसले की पश्चिमेस सुरत, पूर्वेस अमळनेर आणि जळगाव. रस्त्याने दक्षिणेस धुळे, उत्तरेस तापी ओलांडली की शिरपूर. गावाजवळ औद्योगिक वसाहत आहे. धुळे–नरडाणा या नव्या लोहमार्गाची पायाभरणी २०१९ साली झाली. इतक्या वाटा जेथून फुटतात तेथे मुलगा घरी का बसतो, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे. घर मात्र कोणा एकाचे नव्हे. अशा अनेक घरांतले वासे उचलून आम्ही ते उभे केले आहे. तेव्हा कोणी शेजाऱ्याकडे वळून पाहण्याचे कारण नाही.

या घरात जिभाऊ आहेत. वय साठीच्या पुढे, पाच एकर जमीन, तीही बरीचशी कोरडवाहू. माय आहे. थोरला मुलगा सुरतेस उधना भागात यंत्रमागावर कामाला आहे. त्याची बायको आणि दोन मुले गावीच असतात, कारण सुरतेच्या खोलीचे भाडे परवडत नाही. मधला मुलगा, वय एकतीस, तो 'घरी'. धाकटी मुलगी तेवीस वर्षांची, पदवीच्या शेवटच्या वर्षास गेल्या साली बसलेली. अमळनेरकडे मायचा भाऊ आहे, म्हणजे या मुलांचा मामा. त्यास एक मुलगा आणि एक मुलगी. एवढी माणसे ध्यानात ठेवली म्हणजे पुरे.

मधला घरी का राहिला? पहिले कारण जमीन. कृषिगणनेचे आकडे असे सांगतात की, महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांच्या वाट्याचे आता तीन वाटे झाले आहेत. पाच एकरांवर दोन भाऊ संसार करू शकत नाहीत, हे जिभाऊंस कळते. पण जमीन सोडून दोघेही गेले तर आहे तीही हातची जाईल, हेही कळते. म्हणून एक सुरतेस आणि एक घरी, अशी विभागणी झाली. ती कोणी ठरविली नाही, कोणी बोललेही नाही. थोरला आधी मोठा झाला, तो आधी गाडीत बसला.

दुसरे कारण शिक्षणाचे. मधला बारावी झाला आणि डी.एड.ला गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात डी.एड.ची विद्यालये भराभर निघाली. मास्तरकी म्हणजे लागलीच नोकरी आणि नोकरी म्हणजे लागलीच लग्न, असा हिशेब घरोघर मांडला गेला. २०१० च्या परीक्षेनंतर सरकारी शाळांतली मोठी भरती वर्षानुवर्षे थांबली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली, २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आले. आमचा मधला या रांगेच्या शेपटाशी उभा राहिला. दरवाज्यावर 'बंद' अशी पाटी असती तर तो निघून गेला असता. पाटी नव्हती, आज ना उद्या जाहिरात निघेल असे सर्वजण म्हणत होते. मास्तरकी गेली, मग पोलीसभरती आली, मग तलाठ्याची परीक्षा. माणसाला घरी बसविण्यास आशेइतके बळकट दावे दुसरे नाही.

आता हा मुलगा दिवसभर करतो काय, ते पाहा. जिभाऊंच्या पीकविम्याचा अर्ज तो भरतो. सातबारा काढून आणतो. बँकेत आईच्या अंगठ्याचे जमत नाही म्हणून तीन खेपा घालतो. वीज रात्रीची असेल तेव्हा रात्री दोन वाजता मोटार चालू करावयास शेतात जातो. मायच्या गुडघ्यासाठी धुळ्याचा दवाखाना, पुतणीची शाळा, भावजयीचे गॅसचे सिलिंडर, गावातल्या लग्नात पंगतीचे वाढणे, कोणी गेले तर सरपणाची गाडी. संध्याकाळी स्टेशनाकडे फेरी, चहाच्या टपरीवर मोबाईल. शेवटची दोन कामे तेवढी लोकांच्या डोळ्यांत येतात.

यांपैकी एकाही कामास मजुरी नाही. आपल्या खानदेशात सालदार ठेवण्याची रीत आहे. सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, संपते. त्या दिवशी त्याचा हिशेब होतो, पुढच्या सालाचे धान्य आणि पैसे ठरतात, आणि पटले नाही तर तो दुसऱ्या मळ्याची वाट धरतो. घरच्या मुलास आखाजी नाही. त्याचा हिशेब कधी होत नाही, म्हणून त्याने काही केले आहे असेही कधी ठरत नाही. घरखर्चातून त्यास पेट्रोलला पैसे मिळतात, आणि ते मागताना तो जी मान घालतो तीच पुढे त्याच्या स्वभावाची खूण समजली जाते.

खानदेशच्या वाचकास येथे पांडुरंग सांगवीकराची आठवण होईल. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि कादंबरी लिहिली तेव्हा पंचविशीतले. पुण्याला शिकावयास गेलेला, तेथे काहीच धड न करता गावी परतलेला शेतकऱ्याचा मुलगा त्यांनी मराठीत आणून बसविला. समीक्षकांनी त्याच्या रितेपणावर पुष्कळ लिहिले आहे, त्यात आम्ही भर घालीत नाही. दोन गोष्टी मात्र नोंदवाव्याशा वाटतात. एक, त्या पुस्तकातला सर्वांत खोल घाव धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा आहे; घरी परतलेल्या भावाची कथा बहिणीवाचून पुरी होत नाही, हे लेखकास बरोबर दिसले होते. दुसरी, त्या काळी बापाची बरी शेती असलेल्या मुलास, तो कितीही रिता असो, मुली सांगून येत. आजच्या पांडुरंगास त्या येत नाहीत. येथून आमच्या विषयाचा अवघड भाग सुरू होतो.

मुली येत नाहीत याची कारणे दोन. एक मोजता येते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या; २०११ मध्ये ८९४ राहिल्या, आणि जळगाव जिल्ह्यात तर ८४२. गर्भाची परीक्षा करून मुलगी नाकारण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात सर्वांच्या आधी, कायदा केला होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. २००१ च्या मोजणीतली ती पोरे आज पंचविशी-तिशीत आहेत. २०११ ची त्यांच्या मागे रांगेत उभी आहेत. रांग अजून लांबणार आहे. दुसरे कारण मोजता येत नाही, पण प्रत्येक बैठकीत ऐकू येते. मुलीचा बाप स्वतः शेतकरी असला तरी जावई शेतकरी नको म्हणतो. त्यास दोष देणे आम्हांस जमत नाही; शेतात काय पिकते आणि काय उरते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न झालेले तरुण फेटे बांधून, घोड्यांवर बसून कलेक्टर कचेरीवर गेले आणि आम्हांस नवऱ्या मिळवून द्या म्हणाले. वर्तमानपत्रांनी हसत हसत चित्रे छापली. ज्यांच्या घरी असा मुलगा होता त्यांस हसू आले नसावे.

असो. बाहेरून मुलगी येत नाही म्हटल्यावर घर आपल्याच नात्यांकडे पाहू लागते, आणि नात्यांत प्रेम आधीपासून पेरलेले असते. मामाची मुलगी लहानपणी सुटीत नरडाण्यास येई तेव्हा सगळ्या आयाबाया तिला "आमची सून" म्हणत. आठ वर्षांच्या मुलास आणि चार वर्षांच्या मुलीस याचा अर्थ कळत नाही; पण वीस वर्षे ऐकल्यावर तो अर्थ मनात राहावयास येतो. कोणी एकमेकांस पत्र लिहिलेले नसते, वचन दिलेले नसते. तरी तिच्यासाठी दुसरे स्थळ पाहिले की यास आपले काही चोरीस गेल्यासारखे वाटते. सिनेमातले प्रेम अनोळखी माणसावर जडते. आमच्याकडचे पुष्कळ प्रेम नात्याच्या हाकेतूनच उगवते.

या हाकेस नियम आहेत. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात ते उलगडून दाखविले. उत्तरेकडे मामे-आतेभावंडांचे लग्न वर्ज्य. दक्षिणेकडे ते इष्ट. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. म्हणजे ज्या घरातून मुलगी आणली त्याच घरातून पुढच्या पिढीतही आणावी, पण त्या घरास आपली मुलगी परत देऊ नये. वेल परतू नये, असे जुनी माणसे म्हणत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाबहिणीच्या मुलांचे लग्न निषिद्ध नात्यांत घातले, पण जेथे तशी रूढी असेल तेथे सूट ठेवली. मामाच्या मुलीशी होणारी आपल्याकडील लग्ने या रूढीच्या खिडकीतून कायद्याच्या घरात येतात.

घरात आणखीही एक धागा आहे, त्याचा उल्लेख टाळणे खोटेपणाचे होईल. थोरला वर्षातून दोनदा येतो; त्याची बायको तरुण आहे; धाकटा दीर दिवसभर घरी. जेठासमोर पदर आणि दिरापाशी थट्टा, ही रीत जुनी. ती थट्टा बहुतेक घरांत थट्टाच राहते. पण दीर बारा वर्षांचा असताना जी थट्टा कोणी ऐकत नाही, ती तो एकतीस वर्षांचा आणि बिनलग्नाचा असला म्हणजे गल्लीस ऐकू जाते. मग भावजय बोलणे कमी करते, माय दार वाजवून आत येऊ लागते, सुरतेहून थोरल्याचे फोन वाढतात. काही घडलेले नसते. तरी "आता याचं उरकून टाका" हा शब्द पहिल्यांदा थोरल्याच्या तोंडून निघतो, तो का ते श्रोत्यांच्या लक्षात येईल.

उरकावयाचे कसे? मामाकडे शब्द टाकला जातो. मामाची मुलगी धुळ्यास नर्सिंग शिकली आणि आता नाशकास नोकरीवर आहे. मामा नाही म्हणत नाही; बहिणीला नाही म्हणणे सोपे नसते. तो एवढेच म्हणतो की, आमच्याही मुलास कोणी देत नाही. त्याचाही एक 'घरी' आहे. पुढचे वाक्य कोणी बोलावे लागत नाही. तुमची आम्हांला, आमची तुम्हांला. यालाच साटेलोटे म्हणतात.

साट्याचा व्यवहार पाहावयास सरळ आहे : हुंडा नाही, मानपानाचे भांडण नाही, एकाच मांडवात दोन लग्ने, खर्च अर्धा. दोन्हीकडे आपलीच लेक असल्याने कोणी सुनेस छळणार नाही, असाही एक युक्तिवाद असतो. पण नरडाण्याची मुलगी मामाच्या घरी देणे म्हणजे वेल परतणे. जो नियम आजीने प्राण गेला तरी मोडू दिला नसता, तो मुलींचा तुटवडा पडताच घरातली माणसे एका बैठकीत मोडतात, आणि मोडल्याचे कोणास फारसे वाटतही नाही. शिवाय छळाचा युक्तिवाद उलटाही चालतो. एका जोडप्याचे बिनसले की दुसऱ्याचेही बिनसवावे लागते. तिकडची माहेरी निघून आली, की इकडचीला, तिचा संसार सुखाचा असला तरी, परत धाडण्याचा दाब येतो. दोन लग्ने एकाच दोरीने बांधली म्हणजे एक बैल बसला की दुसऱ्यास ओढ बसतेच.

जगात इतरत्र काय घडले हे पाहिल्यास आपली गाठ अधिक स्पष्ट दिसते. कॉनराड आरेन्सबर्ग हा अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९३०-४० च्या दशकात आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात राहिला. तेथे पंचेचाळीस वर्षांच्या बाप्यांस 'पोरगा' म्हणत, कारण बापाने शेत हाती दिलेले नसे आणि शेत मिळेपर्यंत लग्न नसे. सून घरात येताना जो पैसा आणी तो पुष्कळदा नणंदेच्या लग्नास खर्ची पडे. पिएर बोर्द्यू या फ्रेंच अभ्यासकाने १९६२ साली आपल्याच मुलखातल्या, बेआर्नमधल्या, एका खेड्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाताळच्या नाचास गावातले बिनलग्नाचे शेतकरी येतात, नाचत नाहीत, कडेला उभे राहून पाहतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास निघून जातात. एके काळी जमिनीचा वारस म्हणजे पहिल्या प्रतीचे स्थळ. मुली शहराकडे पाहू लागल्या आणि तोच वारस कडेला उभा राहिला. नरडाण्याच्या लग्नात पंगत वाढणारा आमचा मधला त्या नाचघरात सहज शोभला असता. फरक एवढाच की, आयरिश किंवा फ्रेंच पोरग्यास बहिणीच्या बदल्यात नवरी आणण्याची सोय नव्हती. ते कडेला उभे राहून म्हातारे झाले.

तर आता बहीण. तेवीस वर्षांची ही मुलगी घरात सर्वांत कमी बोलते. तिचेही कोठे मन असेल. असल्यास ते तिच्या भावजयीस ठाऊक आहे, माये­स ठाऊक नाही. मामेभाऊ वाईट नाही, निर्व्यसनी आहे, लहानपणी त्याने तिला सायकल शिकविली. तिला 'नाही' म्हणावयाचे असेल तर कोणास म्हणावे? बापास म्हटले तर भावाचे लग्न मोडते. भावास म्हणावे, तर तो ज्या मुलीची वीस वर्षे वाट पाहत आहे ती जाते. म्हणजे तिच्या संमतीचा प्रश्न विचारला जातो तोच मुळी भावाच्या सुखाचा प्रश्न म्हणून. बळजबरीने वा फसवून मिळविलेल्या संमतीचे लग्न रद्द करण्यास कायद्यात एक वर्षाची मुदत आहे. पण येथे बळजबरी कोणी केलेली नसते. भावावरचे प्रेम, हीच येथली बळजबरी.

तिच्याकडून घर दुसऱ्यांदा घेते ते जमिनीच्या कागदावर. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. व्यवहारात काय होते ते येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. हक्कसोडपत्र तयार होते आणि बहिणी सही करतात. त्या भित्र्या असतात म्हणून करतात असे शहाण्यासुरत्यांनी समजू नये. त्यांनी हिशेब केलेला असतो. जमिनीचा तुकडा घेतला तर आखाजीला झोक्यावर बसावयास यावयाचे कोठे? माहेर उघडे राहावे म्हणून हिस्सा सोडावयाचा, हा तो हिशेब. आणि ते माहेर पुढे उघडे ठेवणारा कोण, तर हाच घरी असलेला भाऊ. आईबाप गेल्यावर कानबाईच्या रोटांना बोलावणे तोच धाडणार. बहिणीने त्याच्यासाठी लग्न दिले, जमीन दिली, ते याच्या भरवशावर.

आमच्या घरात पुढे काय झाले? असल्या घरांत दोनच शेवट आमच्या पाहण्यात आहेत. पहिल्यात बैठक होते, सुपारी फुटते, आणि आखाजीच्या आत दोन्ही लग्ने लागतात. दुसऱ्यात मामाची मुलगी नाशकाहून सांगते की, मी यावयाची नाही. तिच्या हाती पगार आहे, म्हणून घरातल्या चार तरुणांपैकी एकटीला 'नाही' म्हणता आले. तिच्या नाही म्हणण्याने नरडाण्याची मुलगीही सुटते, हे मात्र मामाच्या घरी कोणी बोलून दाखवीत नाही. तेथे ती पोरगी शहाणी झाली एवढेच म्हणतात. मधल्यास दुःख होते ते खरेच. तो महिनाभर टपरीवरही जात नाही. पण एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ज्या लग्नाच्या आशेवर तो अडकला होता ते गेल्यावर जिभाऊंशी तो पहिल्यांदा जमिनीविषयी बोलतो. अडीच एकर माझ्या नावे करा, मी त्यात शेड टाकतो, कोंबड्या घालतो, नाहीतर मीही सुरतेची गाडी धरतो.

बाप असे बोलणे उद्धटपणाचे समजतात. सालदाराने आखाजीला हेच बोलणे केले तर त्यांस नवल वाटत नाही. आमच्या मते मुलाच्या तोंडून असा प्रश्न विशीतच निघावयास हवा होता, आणि बहिणीस संमती विचारावयाची तर भावाचे नावही न काढता, निराळ्या दिवशी, शक्य तर मायने नव्हे तर भावजयीने विचारावयास हवी होती. जमिनीचे काम त्यामानाने सोपे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सर्वांच्या संमतीने तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करता येतो. बहिणीचीही संमती त्यास लागते. म्हणजे निदान त्या एका कागदापुरते तरी तिला विचारावे लागेल. मधल्याने शिंदखेड्यास जाऊन अर्जाचा नमुना आणला आहे, भरलाही आहे. थोरल्याने सुरतेहून होकार कळविला आहे. जिभाऊंची सही तेवढी राहिली आहे.